पाटी तीच, पण गातंय कोण? क्वार्टेट ऐकणारीने चौदा महिने वापरलेलं संगीत ॲप

आठवड्यातून दोनदा मला कामासाठी बर्मिंगहॅमहून माँटगोमेरीला जावं लागतं. आय-६५ महामार्ग, एका बाजूने नव्वदेक मैल, दीड तास. अलाबामाच्या या पट्ट्यात पाइनची झाडं आणि वकिलांचे मोठमोठे जाहिरातफलक सोडले तर बघण्यासारखं फारसं काही नाही. निम्म्या वाटेवर क्लँटन लागतं. तिथे पीचच्या आकाराची पाण्याची टाकी आहे. ती दिसली की अर्धं झालं म्हणायचं.

या दीड तासाची सोय म्हणून मी एका संगीत ॲपची वर्गणी भरली. महिन्याला साधारण १२ डॉलर. आता चौदा महिने झाले, म्हणजे बरं-वाईट बोलायचा हक्क आपल्याला मिळाला असं मी धरून चालते. ॲपचं नाव लिहीत नाही. घरातल्यांच्या फोनवर दुसरी दोन आहेत, त्यांनाही हेच दुखणं थोड्याफार फरकाने आहे. मग एकट्याचीच शेंडी कशाला धरा.

माझं ऐकणं जरा आडवाटेचं. मी गॉस्पेल क्वार्टेट ऐकते. टेनर (सगळ्यांत वरचा), लीड (मुख्य गाणारा), बॅरिटोन (मधला) आणि बेस (खर्ज) असे चार आवाज, देवाचं गाणं, आणि जुन्या रेकॉर्डवर तर बहुतेक वेळा वाद्यच नाही. वडिलांच्या भजनी मंडळात लहानाची मोठी झाले म्हणून असेल, पण मुख्य गाणाऱ्यापेक्षा मागच्या झीलकऱ्यांकडे कान लावायची मला खोड आहे. बुवा वर चढले की खाली कोण धरून आहे, आज कोणाचा आवाज कमी आहे, हे आम्हा पोरांना डोळे मिटून कळायचं. क्वार्टेटमध्ये मजा तीच आहे. आणि ॲपची गोची नेमकी तिथेच होते.

आधी चांगलं सांगते, नाहीतर म्हणाल बाई नुसती कुरकुरते. माल भरपूर आहे. जे ऐकायला एके काळी लोकांना जुन्या तबकड्यांच्या मागे वर्षानुवर्षं हिंडावं लागलं असेल, ते दोन बोटांवर मिळतं. एक गाणं संपलं की ॲप आपल्या मनाने पुढचं लावतं, आणि त्यात कधीकधी कमाल करतं. एकदा स्वान सिल्व्हरटोन्स ऐकत होते, ते संपल्यावर याने रिचमंडची हार्मोनायझिंग फोर लावली. खर्जात जिमी जोन्स. मी गाडीचा वेग आपोआप कमी केलेला नंतर लक्षात आलं. इतका खाली, आणि तरी शब्द न् शब्द स्वच्छ. हा माणूस मला ॲपने दिला, हे कबूल.

दिला म्हणजे काय, आवाज दिला. नाव मी नंतर दुसरीकडे शोधून काढलं. पडद्यावर फक्त 'द हार्मोनायझिंग फोर' एवढंच.

क्वार्टेटचं नाव ही दुकानाची पाटी असते हो. नव्वद नव्वद वर्षं पाटी तीच राहते आणि आत माणसं बदलत जातात. कोणी मरतं, कोणी भांडून निघतं, कोणी पाद्री होतं, कोणाला बायको म्हणते आता फिरणं पुरे. आमच्या संगीत नाटक कंपन्यांत नट बदलले की जाहिरातीत ठळक छापायचे, कारण तिकीट त्या नावावर खपायचं. या ॲपला तेवढंही सुचत नाही. त्याला पाटी वाचता येते, आत डोकावता येत नाही.

सोल स्टिरर्सचं पान उघडा म्हणजे कळेल. १९२६ मध्ये टेक्सासातल्या ट्रिनिटी गावी सुरू झालेला गट. १९३७ साली आर. एच. हॅरिस आला आणि त्याने गाण्याची घडीच बदलली. लीड दोन ठेवायचे, एकाने तापवत आणायचं, दुसऱ्याने उचलायचं, आणि मागे चार सुरांची भिंत मात्र ढळू द्यायची नाही. म्हणून 'क्वार्टेट'च्या फोटोत पाच माणसं उभी असतात. पहिल्यांदा मोजताना मला वाटलं पाचवा ड्रायव्हर असेल. १९५० मध्ये हॅरिस बाहेर पडला. त्याच्या जागी शिकागोच्या हायवे क्यूसीज या पोरांच्या गटातला सॅम कुक आला, जेमतेम एकोणीस-वीस वर्षांचा. त्या पोरांना शिकवायला सोल स्टिरर्सचाच बॅरिटोन आर. बी. रॉबिन्सन जायचा, म्हणजे मुलगा घरच्याच तालमीतला. १ मार्च १९५१ रोजी हॉलिवूडमध्ये त्याने स्पेशालिटी कंपनीसाठी गटाबरोबर पहिलं रेकॉर्डिंग केलं. १९५७ ला तो पॉपकडे वळला, आणि त्याची जागा घेतली जॉनी टेलरने. तोही हायवे क्यूसीजमध्ये गायलेला.

हे तिघं ॲपमध्ये एकाच यादीत, एकाच फोटोखाली, सरमिसळ करून टाकलेत. 'श्रेयनामावली' असं बटण आहे, त्यावर मोठ्या आशेने बोट ठेवलं. गायक: सोल स्टिरर्स. धन्यवाद.

मग मी नवऱ्याला कामाला लावलं. रविवारी सकाळी तो ओट्याशी चहा करत फोनवरून गाणी लावायचा, मी पडद्याकडे पाठ करून बसायची आणि ओळखायची. पहिल्या आठवड्यात निम्मी चुकली. हॅरिसचा आवाज पातळ पण धारेचा. तो तालाच्या किंचित मागे रेंगाळतो आणि अचानक वरच्या खोट्या सुरात निसटतो. कुकचं पुढचं गाणं ओळखायला काहीच कष्ट नाहीत. एकच स्वर घेऊन तो त्याला गोल गोल फिरवतो, ती वळणं त्याचीच. पण गटात आल्या आल्याचा कुक? तो हॅरिसची नक्कल करतोय, आणि जरा दमतोय. आणि आल्या आल्याचा टेलर अगदी तसाच कुकची नक्कल करतोय. ही गंमत एका बैठकीत, चहा निवायच्या आत ऐकायला मिळाली ती ॲपमुळेच. फक्त कोणतं गाणं कोणाचं, हे मला आधी कागदावर लिहून ठेवावं लागलं होतं.

आणि तिघांच्याही मागे खर्ज धरलेला माणूस एकच आहे. जे. जे. फार्ली. लीड आले, गेले, एक तर जगप्रसिद्ध झाला. हा खाली तसाच. त्याचं नाव मला ॲपमध्ये कुठेही सापडलेलं नाही. वडील असते तर म्हणाले असते, झीलकऱ्याला नारळ तरी द्या.

वर्षांचा घोळ तर विचारूच नका. गाण्यापुढे जे साल दिसतं ते बऱ्याचदा मूळ रेकॉर्डिंगचं नसतं, कुठल्या तरी संग्रहात ते परत काढलं त्याचं असतं. १९४० च्या दशकातलं गाणं '२०१२' म्हणून मिरवतं. बाकी संगीतात हे चालून जात असेल. क्वार्टेटमध्ये साल हीच चावी आहे. साल कळलं की माणूस कळतो.

ही चावी नसल्याचा अनुभव मला क्लँटनलाच आला.

ब्लॅकवुड ब्रदर्स हा मिसिसिपीत १९३४ साली सुरू झालेला, पुढे मेम्फिसला स्थिरावलेला गट. गोऱ्यांच्या सदर्न गॉस्पेल परंपरेतला, पियानोसकट. जून १९५४ मध्ये त्यांनी आर्थर गॉडफ्रीच्या गाजलेल्या टॅलेंट कार्यक्रमात बाजी मारली. त्याच महिन्याच्या ३० तारखेला ते क्लँटनला पीचच्या उत्सवात गायला आले होते. संध्याकाळच्या कार्यक्रमाआधी बॅरिटोन आर. डब्ल्यू. ब्लॅकवुड आणि बेस बिल लाइल्स त्यांचं छोटं विमान घेऊन एक चक्कर मारायला उडाले, सोबत एक स्थानिक तरुण. उतरताना विमान कोसळलं आणि तिघंही गेले. गटातलाच जेम्स ब्लॅकवुड मैदानावर उभा राहून बघत होता. एवढं होऊनही गट थांबला नाही. बॅरिटोनच्या जागी आर. डब्ल्यू.चा धाकटा भाऊ सेसिल आला आणि खर्जाला जे. डी. सम्नर, आधी सनशाइन बॉइजमध्ये गाणारा. विमान सोडून मंडळी बसने फिरू लागली.

तर एका गुरुवारी संध्याकाळी परतताना, उन्हं कलली होती, टाकी दिसायला लागली आणि ॲपने नेमकं ब्लॅकवुड ब्रदर्स लावलं. योगायोगच, त्याला काय कळतंय. पण माझ्या अंगावर काटा आला. खाली गातोय तो कोण? लाइल्स, की सम्नर? म्हणजे हे गाणं त्या दिवसाच्या अलीकडचं की पलीकडचं? पडद्याकडे पाहिलं तर भलतंच साल, आणि दहा वेगवेगळ्या संग्रहांना लावतात तसलं सूर्यास्ताचं चित्र. पुढच्या एक्झिटला उतरले, पेट्रोलपंपाच्या कडेला गाडी लावली, इंजिन बंद केलं आणि गाणं पहिल्यापासून लावलं. पहिली दोन कडवी काही सुगावा नाही, बेस नुसता मिळून गातोय. तिसऱ्याच्या शेवटी बाकीचे तिघं एका स्वरावर थांबले आणि खालचा आवाज पायऱ्या उतरावा तसा उतरत गेला, एक, दोन, तीन, आणि वाटलं आता संपलं तर आणखी एक. सम्नरच. दुसऱ्या कोणाची अशी ओळख पटायची नाही. म्हणजे पलीकडचं.

शेजारी ट्रकमध्ये डिझेल भरणारा माणूस माझ्याकडे बघत होता. बाई बंद गाडीत डोळे मिटून का बसलीये, असं त्याला वाटलं असणार.

मदतकेंद्राचा अनुभव लिहिणं भाग आहे, कारण परीक्षण वाचणारे तेच आधी शोधतात. ब्लाइंड बॉइज ऑफ अलाबामा आणि फाइव्ह ब्लाइंड बॉइज ऑफ मिसिसिपी हे दोन वेगळे गट. अलाबामावाले आमच्या बर्मिंगहॅमपासून तासाभरावरच्या टॅलाडेगातल्या अंधशाळेतले, आधीचं नाव हॅपी लँड ज्युबिली सिंगर्स. मिसिसिपीवाले जॅक्सन हार्मोनियर्स. १९४८ मध्ये न्यूअर्कला एका आयोजकाने दोघांना एका रंगमंचावर आणून 'अंध मुलांचा सामना' अशी जाहिरात केली, ती इतकी चालली की दोघांनाही तेच नाव चिकटलं. तेव्हापासून गोंधळ आहे, मान्य. पण क्लॅरेन्स फाउंटनच्या पानावर आर्ची ब्राउनली गाताना सापडावा? एक अलाबामाचा, दुसरा मिसिसिपीचा, आणि १९६० मध्ये वारलेला. ब्राउनली गाता गाता अशी किंकाळी फोडतो की एकदा ऐकली की माणूस विसरत नाही. दोघांत गल्लत करायला बहिरंच असावं लागतं.

मी रीतसर लिहून कळवलं, कोणती गाणी कुठे हलवायची याच्या यादीसकट. चार दिवसांनी उत्तर आलं: माहिती आम्हाला रेकॉर्ड कंपन्यांकडून येते, आपण संबंधित कंपनीशी संपर्क साधावा. आता त्यातल्या निम्म्या कंपन्या कधीच्या मिटल्यात. मी तसं कळवलं. पुन्हा तेच उत्तर, या वेळी खाली पाच तारे द्यायची विनंती. सहा महिन्यांनी पाहिलं तर दोन गाणी हलवली होती. चुकीच्या दिशेने.

फोटोंचं म्हणाल तर ओक रिज बॉइजच्या पानावर आजचा फोटो आहे, त्यात बेन जेम्स दिसतो. तो जो बॉन्सॉलच्या जागी २०२४ ला आला. त्याच फोटोखाली १९८१ चं 'एल्व्हायरा' वाजतं, तेव्हा बॉन्सॉलच टेनर होता. हा गटही मुळात गॉस्पेलचाच, पुढे कंट्री संगीतात गेला. त्या गाण्यात खालून जो 'ऊम पापा' करतो तो रिचर्ड स्टर्बन, आणि तो त्याआधी सम्नरच्या स्टॅम्प्स क्वार्टेटमध्ये एल्व्हिसच्या मागे गात होता. बघा, क्लँटनच्या मैदानापासून एक धागा कुठवर जातो.

हा धागा धरून जायची सोय ॲपमध्ये असती तर मी महिन्याला १५ डॉलरही दिले असते. म्हणजे गाण्यावर चार नावं असावीत, नावावर बोट ठेवलं की तो माणूस आधी कुठे गायला, नंतर कुठे गेला, ते उघडावं. कॅथीड्रल्सचं उदाहरण घ्या. १९७९ मध्ये तीन जण एकदम निघून गेले, उरले ग्लेन पेन आणि जॉर्ज यून्स दोघंच. त्यांनी गट पुन्हा उभा केला आणि १९९९ पर्यंत चालवला. त्यांच्याकडून तयार होऊन निघालेल्यांनी पुढे आपापले गट काढले, कोणी ग्रेटर व्हिजन, कोणी लेगसी फाइव्ह, कोणी सिग्नेचर साउंड. हे सगळं एक घराणं आहे. आपल्याकडे ख्यालाच्या गायकाबद्दल पहिला प्रश्न काय असतो, गुरू कोण? ॲपला हा प्रश्नच ठाऊक नाही.

एका गटापुरतं मात्र ॲप पास आहे: डिक्सी हमिंगबर्ड्स. १९३८ मध्ये तेरा वर्षांचा आयरा टकर आला आणि २००८ मध्ये वारला तोवर गटातच राहिला. सत्तर वर्षं. साल काहीही दाखवा, फोटो कोणताही लावा, पुढे गातोय तो बहुतेक टकरच असतो. इथे चुकायला ॲपला जागाच कमी.

शोधाची खिडकी विनोदी आहे. 'क्वार्टेट' टाइप केलं तर पहिले वीस निकाल चार व्हायोलिनवाल्यांचे. 'गॉस्पेल' टाइप केलं तर मोठमोठे आधुनिक गायकवृंद, ढोलताशासारखा दणदणाट. काळ्यांची क्वार्टेट आणि गोऱ्यांची क्वार्टेट ही एकाच मुलखात, एकाच काळात, पण कायद्याने आणि रिवाजाने वेगळ्या ठेवलेल्या चर्चांत आणि सभागृहांत वाढली, त्यांची गाण्याची धाटणी वेगळी. ॲपच्या मते सगळं एकच खोकं. गाण्याचे शब्द पडद्यावर सरकतात, तेही मुख्य कडव्याचे. मागचे जे बोलतात, खालचा जे 'डूम डूम' करतो, ते शून्य. आवाजाचा दर्जा गाडीत ठीक, घरी चांगल्या स्पीकरवर जुन्या गाण्यांची खरखर इतकी घासून काढलेली कळते की सोबत श्वासही गेलेत.

नावांवरून आठवलं, स्वान सिल्व्हरटोन्समधलं 'स्वान' कोणाचं माहितेय? पावाच्या बेकरीचं. क्लॉड जीटरने १९३८ मध्ये वेस्ट व्हर्जिनियात खाणकामगारांना घेऊन गट काढला, तेव्हा नाव होतं फोर हार्मनी किंग्ज. पुढे नॉक्सव्हिलच्या रेडिओवर स्वान बेकरीने प्रायोजित केलं, ते नाव लागलं. बेकरीचं नाव राहिलं आणि जीटर स्वतः साठच्या दशकात गट सोडून धर्मोपदेशाला लागला.

तर घ्यावं का? नुसतं ऐकायचं असेल तर जरूर घ्या, १२ डॉलरमध्ये एवढा खजिना दुसरीकडे मिळणार नाही. कोण गातंय हे कळल्याशिवाय ज्यांना चैन पडत नाही, त्यांनी सोबत वही ठेवावी. माझी गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात असते. पाचपैकी तीन तारे. दोन कापले, एक सालांसाठी आणि एक फार्लीसाठी.

मागच्या महिन्यात बर्मिंगहॅमच्या एका जुन्या सामानाच्या दुकानात एक डॉलरला एलपी मिळाली. इथल्याच कुठल्याशा चर्चच्या क्वार्टेटची, स्वतःच पैसे घालून काढलेली. मागे चौघांची नावं छापलेली, प्रत्येकासमोर टेनर, लीड वगैरे. आधीच्या मालकाने, की मालकिणीने, बॅरिटोनचं नाव निळ्या बॉलपेनने खोडून वर दुसरं लिहिलंय, बाजूला साल. तेही खोडून तिसरं, या वेळी काळ्या शाईत. बेसच्या नावाला खोड नाही, नुसता एक छोटा क्रूस काढलाय आणि पुढची जागा कोरी सोडलीये.

घरी येऊन तो गट ॲपवर शोधला. चार व्हायोलिनवाले आले.